मागणं इतकंच की

त्या राज्यात एकदा बोललेला शब्द पुसता येत नसे. त्याच्यापुढे आणखी शब्द जोडता येत, एवढंच.

हा नियम वाईट हेतूने केलेला नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे. फार पूर्वी तिथे पुसायचीही सोय होती. तेव्हा कोल्ह्यांनी सशांच्या तक्रारी पुसल्या, तरसांनी हरणांच्या पुसल्या, आणि असा काही गोंधळ माजला की शेवटी सगळ्या जनावरांनी मिळून गादीपाशी हट्ट धरला, पुसणं बंद करा. गादीने हट्ट पुरवला. गादीवर कोण बसतं हे कोणी पाहिलेलं नव्हतं, पण गादी आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. त्या उपकाराबद्दल पुढच्या कितीतरी पिढ्या गादीचे गोडवे गात राहिल्या, आणि नियमाचं पुढे काय झालं हे बघायचं राहूनच गेलं.

बोललेलं सगळं दोरीत राहायचं. अंबाडीच्या वाखाची दोरी, तिच्यावर गाठी. प्रत्येक शब्दाची गाठ वेगळी, पंजाने चाचपली की वाचता यावी अशी. प्रत्येक कुळाची एक दोरी, आणि ती ठेवायला राज्याच्या मधोमध जो वड होता त्यात प्रत्येक कुळाची एक ढोली. या ढोल्या कोरल्या तेव्हा जनावरांकडे बोलण्यासारखं फारसं नव्हतं. कोणी सांगे, यंदा मोहाला फुलं बरी आली. कोणी सांगे, आमच्या बिळात साप शिरला. तेवढ्यासाठी त्या ढोल्या चांगल्या ऐसपैस होत्या. पुढे बोलणं वाढत गेलं. ढोल्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

दोरीला नवी जोड लावायची तर तिचीही एक रीत होती. आधी सगळी दोरी ढोलीतून बाहेर काढायची, उलगडायची, आणि पहिल्या गाठीपासून वाचत शेवटापर्यंत यायचं. मग तिथे नवा तुकडा वळून बसवायचा आणि सगळं पुन्हा गुंडाळून आत ठेवायचं. हे काम कासवअप्पांकडे होतं. ते राज्याचे नोंदकर. एखाद्या तरण्या जनावराने विचारलंच की अप्पा, एकदम शेवटालाच का नाही जोडत, तर ते मान आत ओढून घेत आणि आतूनच म्हणत, "शेवट कुठे आहे, हे सुरुवातीपासून गेल्याशिवाय कळायचं कसं?" मग ते तरणं जनावर मान डोलावत निघून जाई.

या राज्यात सोनकी नावाची एक साळिंदर राहत होती, ओढ्याच्या अलीकडे, आपल्या नवऱ्याबरोबर. नवऱ्याचं नाव जानबा. दोघांचा संसार म्हणजे एक बीळ आणि एक सवय: त्याने उकरायचं आणि तिने माती मागे लोटायची. भांडणंही तशीच. तो उकरून काढी, ती मागे लोटी. बरं चाललं होतं.

एके दिवशी गादीच्या मळ्यातली रताळी कोणी तरी उकरली. ओढ्यापलीकडच्या एका साळिंदराने ती उकरली, हे ओढ्यातल्या बेडकांनासुद्धा ठाऊक होतं. पण गादीचे कोळसुंदे, म्हणजे ते तांबडे रानकुत्रे, चोराच्या शोधात निघाले तेव्हा ओढा ओलांडण्याआधीच त्यांना जानबा दिसला. त्याच्या तोंडाला माती होती. आता साळिंदराच्या तोंडाला माती नसेल तर काय केशर असेल? पण कोळसुंद्यांना ओढ्याच्या गार पाण्यात पाय घालायचे नव्हते, त्यामुळे ही माती त्यांना पुरेशी वाटली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

जानबाला नेताना तो ओरडला नाही. त्याला वाटत होतं, संध्याकाळपर्यंत चूक उमगेल आणि आपण परत येऊ. "बिळाच्या मागच्या तोंडाची माती ओली आहे गं, आत शिरू नकोस, मी आल्यावर बघतो," एवढंच तो म्हणाला. मग ते त्याला खुंटमाळावर घेऊन गेले. खुंटमाळ म्हणजे राज्याच्या टोकाचा एक ओसाड माळ. तिथे खुंटे ठोकलेले होते, आणि एकेका खुंट्याला एकेक अपराधी दाव्याने बांधलेला असे. दिवसभर मुरूम उकरायचा, आणि काम झालं की खुंट्याशी पडून राहायचं.

सोनकी थेट खुंटमाळाकडे निघाली होती. वाटेतच तिला परतवलं. ज्याचं बोलणं दोरीत नाही त्याचं तिथे कोणी ऐकतच नाही, असं कळलं. म्हणून ती वडाकडे वळली, आणि वडाआधी बाभळीकडे, कारण अर्ज विणायचं काम बाभळीवर राहणाऱ्या सुगरणकाकूचं होतं.

सुगरणकाकू बोलायला मोठी गोड होती. तिने सोनकीला बसवलं, सगळं ऐकून घेतलं, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. मग विणायला सुई म्हणून तिने सोनकीच्या पाठीवरचा एक लांब काटा मागून घेतला. तेच तिचं मोल.

"काकू, मला एवढंच सांगायचंय की तो निर्दोष आहे, त्याला सोडा," सोनकी म्हणाली.

"अगो बाई! एवढंच?" काकूने चोच वासली. "असं धाडकन दारात उभं राहून 'सोडा' म्हणतात होय? कुळाचं नाव घालवशील. आधी गादीची थोरवी गायची. मग आपलं कूळ सांगायचं, मूळ सांगायचं. मग काय झालं ते सांगायचं, पण हळूहळू. आणि मागणं अगदी शेवटी, मान खाली घालून."

आणि यात काकूचं काही चुकत नव्हतं. मागणं शेवटी मागायची त्या राज्याची रीतच होती. पहिल्याच वाक्याला 'द्या' म्हणणारा तिथे भुकेल्या कुत्र्यापेक्षाही हलका समजला जाई. सोनकीला तिच्या आईनेही हेच शिकवलं होतं. शिवाय काकूचा आणखी एक सिद्धांत होता. "दोरी जितकी लांब तितकी जड," ती म्हणायची, "आणि जितकी जड तितकी गादीच्या ध्यानात राहते. लहानसहान दोऱ्यांना कोण विचारतं?"

तेव्हा अर्ज असा विणला गेला: 'चराचराची माउली, साती डोंगरांची सावली, जिच्या नुसत्या नावाने वणवा विझतो ती गादी' इथून सुरुवात. मग साळिंदरांचं कूळ आणि त्यांची गादीवरची निष्ठा. मग ओढा, रताळी, कोळसुंदे. कोळसुंद्यांविषयी वावगा शब्द नाही, उलट त्यांच्या दक्षतेचं कौतुक. आणि सरतेशेवटी, 'तरी त्या दयाळू गादीपाशी या दासीचं मागणं इतकंच की, जानबा निर्दोष आहे, त्याला सोडावं.'

कासवअप्पांनी जोड लावली. त्या वेळी अर्जदाराने वडाकडे पाठ करून लांब उभं राहायचं असे. दोरीकडे टक लावून बघणं म्हणजे नोंदकरावर अविश्वास. सोनकी पाठ करून उभी राहिली. उन्हं कलताना मागून आवाज आला, "जोडलं गेलं." ती नाचत घरी आली. त्या दिवशी तिने बीळ झाडून काढलं, दोघांपुरती कंदमुळं आणून ठेवली, आणि डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत बसली. कंद सुकले. तिने दुसरे आणले. तेही सुकले.

मोहाचा बहर येऊन गेला तरी काही झालं नाही तेव्हा ती पुन्हा बाभळीखाली गेली. काकू म्हणाली, "एकदा सांगून कोण ऐकतं? आठवण द्यावी लागते. आणि आठवणीत मागचं सगळं पुन्हा यायला हवं, नाहीतर कशाची आठवण ते कळणार कसं?" मग थोरवी पुन्हा, कूळ पुन्हा, ओढा पुन्हा, आणि शेवटी मागणं. पुन्हा पाठ करून उभं राहणं. पुन्हा "जोडलं गेलं." असं दर मोसमात होऊ लागलं. दर खेपेला अर्ज मागच्यापेक्षा लांब, कारण त्यात मागच्या अर्जांची थोरवीही यायची; मागणं तेवढं एकदाच, अगदी शेवटी. दर खेपेला पाठीवरचा एक काटा कमी. काटे पुन्हा उगवतात म्हणा, पण एकट्या जनावराचे जरा उशिराच उगवतात.

मागणंही बदलत गेलं. 'त्याला सोडावं' म्हणून पाहिलं. 'चूक माझी धरावी, पण त्याला सोडावं' म्हणून पाहिलं. एका उन्हाळ्यात तर 'त्याच्या जागी मला बांधावं' इथवर मजल गेली. सोनकीला वाटलं, आता तरी गादीचं काळीज हलेल. एवढं मागितल्यावर नाही म्हणणार कोण?

मग एक छोटीशी गोष्ट घडली. कासवअप्पांना कमी ऐकू येऊ लागलं. आणि ज्यांना कमी ऐकू येतं ते मोठ्याने बोलतात, हे काही त्या राज्यातच होतं असं नाही. आजवर ते दोरी पुटपुटत वाचत. आता त्यांचा खणखणीत आवाज लांब उभ्या असलेल्या अर्जदारापर्यंत यायला लागला. सोनकी पाठ करून उभी होती आणि उभ्या जन्मात पहिल्यांदाच आपल्या कुळाची दोरी ऐकत होती.

आधी आला जानबाचा कुणी खापरपणजा. त्याची तक्रार होती की शेजारचा मुंगूस आपल्या बिळापुढे शेपूट आपटतो. मग त्याच्या मुलाचा खुलासा की मुंगूस शेपूट आपटत नव्हता, पण आपटू शकला असता. मग कोणा आत्याचं गाऱ्हाणं, मग त्या गाऱ्हाण्यावर दिराचं गाऱ्हाणं. दिवस चढला. सासऱ्याने कंदांच्या वाट्यावरून केलेली कटकट आली. ती तर अर्धा दिवस पुरली. सोनकीला हसूही आलं आणि थोडी लाजही वाटली. कसली ही माणसं माझ्या सासरची! आणि मग, एकदम, तिचा स्वतःचा पहिला अर्ज आला. तिने श्वास रोखून धरला.

"चराचराची माउली," अप्पा वाचत होते, "साती डोंगरांची सावली..." कूळ आलं, निष्ठा आली, ओढा आला, रताळी आली. "तरी त्या दयाळू गादीपाशी या दासीचं मागणं इतकंच की, चराचराची माउली, साती डोंगरांची सावली..."

सोनकीला वाटलं, आपलं ऐकण्यात काही तरी चुकलं. ती कान टवकारून उभी राहिली. पुन्हा ओढा आला, पुन्हा रताळी आली. "गादीपाशी या दासीचं मागणं इतकंच की, चराचराची माउली..." पुन्हा. आणि पुन्हा. प्रत्येक वेळी मान खाली घालून दारात आलेली ती, आणि प्रत्येक वेळी तोंड उघडायच्या आधीच पुन्हा पहिल्यापासून गादीची थोरवी गाणारी ती.

रीतभात गेली खड्ड्यात! ती वळली आणि धावत वडापाशी गेली. "अप्पा, राहिलं! मधलं राहिलं! माझं मागणं कुठाय?"

अप्पांनी दोरीवरचा पंजा उचलला नाही. उचलला असता तर पुन्हा पहिल्यापासून यावं लागलं असतं. "दोरीत आहे तेवढं मी वाचतो बाई," ते म्हणाले. "दोरीत नाही ते कोणी बोललेलं नाही."

"मी बोलले होते!"

"तसं दोरीत नाही."

ढोलीच्या तोंडाशी एक जाडा उंदीर बसला होता. गुंडाळलेली दोरी आत कोंबायचं काम त्याचं. तो स्वभावाने वाईट नव्हता. सोनकी रडायला लागली तेव्हा त्यालाच राहवलं नाही. "हे बघा बाई," तो म्हणाला, "ढोली भरलेली आहे. तुमच्या सासऱ्यांनीच भरली. आणि ढोलीबाहेर दोरी लोंबता कामा नये, हा नियम. मग उरलेलं कापावं लागतं. पण जिथवर गादीचं नाव आहे तिथवर दात लावायचा नाही, हाही नियम. म्हणून मी डोकं लावून रेटतो, शेवटचं गादीचं नाव आत जाईपर्यंत रेटतो. माझं डोकं बघा, चपटं झालंय. 'दयाळू गादीपाशी मागणं इतकंच की' इथवर कसंबसं जातं. त्याच्यापुढे गादीचं नावच नसतं हो."

"मग मला सांगायचं नाही?"

"जोडलं गेलं का? गेलं. अप्पांनी तसं सांगितलं. जोडल्यावर पुढे काय झालं, हे आजवर कोणी विचारलेलं नाही." हे सांगताना तो मनापासून गोंधळलेला दिसत होता.

सोनकी काही गप्प बसणाऱ्यातली नव्हती. ती तशीच बाभळीखाली गेली आणि म्हणाली, या खेपेला मागणं पहिलं, थोरवी मागून. काकूने दोन्ही पंख कानांवर घेतले. तरी सोनकीने हट्टाने विणून घेतलंच. पण कासवअप्पांनी तो तुकडा पंजात धरून परत दिला. थोरवीशिवाय सुरू होणारा तुकडा जोडायची रीत नव्हती, आणि जी रीत नाही तिच्यासाठी वळ कसा द्यायचा हे अप्पांना खरोखरच माहीत नव्हतं. मग तिने मागण्याच्या प्रत्येक शब्दात गादीचं नाव ओवायचं ठरवलं. काकू घाबरून म्हणाली, गादीचं नाव आणि 'सोडा' एका गाठीत आलं तर गादीनेच काही धरून ठेवलंय असा अर्थ होतो, आणि मग आपण दोघीही खुंट्याला. मग तिने विनवलं की सासऱ्याची कंदांची कटकट तेवढी काढून टाका, मीच सून आहे, माझी हरकत नाही. अप्पांनी मान आत ओढून घेतली. पुसणं! या राज्यात! तिने पुन्हा ते तोंडातून काढलं नाही.

शेवटी उरली नवी ढोली. ती मिळत असे. तसा नियमच होता. कुळाची जुनी दोरी समाप्त झाली की नवी ढोली, नवी दोरी, अगदी कोरी. आणि दोरी समाप्त करायची तर तिच्या टोकाला समाप्तीची गाठ मारायची, बस. सोनकीला वाटलं, सापडली वाट! तिने ती गाठ विणून आणली. रीतीप्रमाणे थोरवी, कूळ, मूळ, आणि 'गादीपाशी मागणं इतकंच की, इथे आमचं बोलणं समाप्त झालं.' अप्पांनी जोडलं. उंदराने रेटलं, अगदी जीव खाऊन रेटलं, कारण तिची त्याला दया येत होती. पण गाठ होती टोकाला, आणि टोक राहिलं बाहेर. पुढच्या मोसमात ती नवी ढोली मागायला गेली तेव्हा अप्पांनी सगळी दोरी पहिल्यापासून चाचपली आणि सांगितलं, "बाई, ही अजून चालूच आहे."

त्या दिवसानंतर तिने बीळ झाडणं सोडलं. काटे विरळ झाले. ओढ्यावरच्या बाया तिला बघून कुजबुजत, आणि ती जवळ आली की मोहाच्या फुलांबद्दल बोलत. सवयीने ती अजूनही दर मोसमात तीच समाप्तीची गाठ जोडून येई. दुसरं करायचं काय?

आणि मग, जिथून काही यायची आशा नव्हती तिथूनच निरोप आला. साळिंदरांची दोरी आता वडातल्या सगळ्यांत जड दोऱ्यांमध्ये मोडत होती, आणि इतक्या जड दोरीच्या कुळाला खुंटमाळावर एक भेट मिळत असे. सुगरणकाकू तर आनंदाने फांदीवरून उडालीच. "बघ! मी म्हणत नव्हते?"

सोनकी माळावर पोचली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. खुंट्यांच्या रांगा लांबवर गेलेल्या. जानबा तिला ओळखूच आला नाही. त्यानेच तिला ओळखलं. तो एका बोरीच्या झुडपाच्या सावलीत पडला होता. केवढासा झाला होता! तोंडाला माती मात्र तशीच.

"अगं, तू!" तो धडपडत उठला. मग तिच्या पाठीकडे बघत राहिला. "काटे कुठे गेले तुझे?"

"उगवतील," ती म्हणाली. "तुम्ही कसे आहात?"

"मी? मी झकास." आणि त्याच्या तोंडावर असा काही आनंद पसरला की तिला कळेना, याला वेड लागलंय की काय. "तुला दाखवतो थांब. हे दावं बघितलंस? पहिल्या वर्षी हे एवढंसं होतं. खुंट्याला तोंड घासत पडायचो. सावली ही अशी समोर, पण पोचता यायचं नाही. उन्हात पाठ भाजून निघायची. आणि मग एक दिवस रखवालदार आला आणि त्याने दाव्याला एक तुकडा जोडला. म्हणाला, वडाकडून आलाय, तुझ्या नावचा आहे. पुढच्या मोसमात आणखी एक. इथे तसं सगळं चोख आहे हं. ज्याचा तुकडा त्याच्याच दाव्याला, इकडचं तिकडे होत नाही." त्याने अभिमानाने दावं ताणत सावलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. "बघ! शेजारच्या ससोबाला कोणाचं काहीच येत नाही. तो बिचारा अजून उन्हातच आहे."

सोनकीने दाव्यावर पंजा ठेवला. खुंट्यापाशी जुना, राठ, मुका दोर होता. त्याच्यापुढे गाठी सुरू होत होत्या. ती चाचपत चालली. *जानबा निर्दोष आहे, त्याला सोडावं.* त्याच्यापुढे, *त्याला सोडावं.* त्याच्यापुढे, *चूक माझी धरावी, पण त्याला सोडावं.* थोरवी नाही, कूळ नाही, ओढा नाही. एकही गाठ गहाळ झालेली नव्हती. *त्याच्या जागी मला बांधावं.* एकेक जोड पक्की, पीळ भरून वळलेली. ती चाचपत चाचपत त्याच्या गळ्यापर्यंत आली. तिथे जो फास होता तो नव्हे, पण फासाला अगदी चिकटून, तिची समाप्तीची गाठ होती.

"मऊ आहे की नाही?" जानबा म्हणाला. "मला आता तितकंसं कळत नाही. मुरूम उकरून पंजे बधिर झालेत. पण गळ्याला काचत नाही, म्हणजे मऊच असणार. कोण धाडतं गं हे? तुला माहीत आहे?"

सांगून टाकावं, असं तिला वाटलं. त्याच्या गळ्यात गळा घालून मोठ्याने रडावं आणि सगळं, सगळं सांगून टाकावं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याच्या डोळ्यांत तिने इतकी वर्षं साठवलेली आशा नव्हती. दुसरीच काही तरी होती, लहानशी, रोजच्या वापरातली.

"गादी धाडत असेल," ती म्हणाली.

"मीही तेच म्हणतो," जानबा खूश होऊन म्हणाला. मग त्याने आवाज खाली आणला, आणि सावलीपलीकडे नाकाने दाखवलं. तिथे खडकाच्या खोबणीत थोडं पाणी साचलेलं होतं, उन्हात चमकत होतं. "ते बघ. मी रोज अंदाज घेतो. मान ताणली, जीभ काढली, तरी थोडकंच राहतं. आणखी एक चांगला लांब तुकडा आला ना, तर तोंड पोचेल गं."

रखवालदाराने भेट संपल्याची हाळी दिली. सोनकीने नवऱ्याच्या तोंडावरची माती पुसली. मग ती उठली, सावलीच्या कडेपासून पाण्यापर्यंतची जमीन एकदा नीट बघून घेतली, आणि माळ उतरून थेट बाभळीखाली आली.

सुगरणकाकूने तिला बघताच वाख ओढून घेतला. "झाली भेट? बरे आहेत ना ते? बस, बस. थोरवी नेहमीचीच घेते. पुढे काय विणू? या खेपेला मागणं काय?"

"मागणं लांब विण," सोनकी म्हणाली. "काय वाटेल ते विण त्यात. सोडा म्हण, सोडू नका म्हण. फक्त पीळ घट्ट दे."

"अगं, पण किती लांब?"

सोनकीने पाठीवरचा काटा उपटून तिच्यापुढे ठेवला, आणि दोन्ही पंजे पसरता येतील तेवढे पसरून दाखवले.

"एवढं," ती म्हणाली.